मर्वने वळसा घातलेलं झुडूप

१२ मार्च

पाऊस नाही.

खताच्या दुकानातून दरवर्षी ही डायरी फुकट मिळते. माझा नवरा मर्व तिच्यात रोज एकच गोष्ट लिहायचा, पर्जन्यमापकात किती पडलं ते. तो जाऊन दोन वर्षं झाली, आता माप मी बघते. पण माझं तेवढ्यावर भागत नाही. घरात बोलायला कुणी उरलं नाही की माणूस कागदाचं डोकं खातं.

आज कौन्सिलची नोटीस आली. धान्याच्या जोडट्रकांसाठी आमचा रस्ता रुंद होणार. रस्त्याच्या डाव्या कडेला वॉटलची झुडपं, उजवीकडे नोएल क्लाइनिगचं गव्हाचं शेत. इंजिनियर ट्रेझाइसला लगेच फोन लावला.

"बाई, तुमची झुडपं म्हातारी झालीत," तो म्हणाला. "खाली एक तरी पिल्लू दिसतं का? सप्टेंबरात मी पाहणीला येतो. नवी वाढ दाखवा, रस्ता उजवीकडे सरकवतो. नसेल तर मरायला टेकलेल्या झाडापायी नोएलचं चांगलं शेत मी कापणार नाही."

मी फोन आपटला.

वॉटल म्हटली की लोकांना वाटतं, त्यात काय, बाभळीच्याच कुळातलं काहीतरी, या देशात पायलीला पन्नास मिळतील. पण ही जात या एका रस्त्याच्या कडेला सोडून जगात कुठेच नाही. मर्व कौन्सिलचं रस्ता सपाट करायचं यंत्र, ग्रेडर, चालवायचा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात कड खरवडताना त्याला ही बुटकी पिवळी फुलं दिसली. त्याने पातं उचललं आणि वळसा घातला. पुढे निवृत्त होईपर्यंत दरवेळी घातला. म्हणून तिथे रस्त्याला विनाकारण एक पोट आलंय. वारंडी गावात त्याला 'मर्वचं वळण' म्हणतात.

मर्वच्या नावाचं एवढंच काय ते उरलंय. आम्हाला मूलबाळ नाही.

२१ मार्च

पाऊस नाही. गुलाबी गलाह पोपटांनी छपरावरच्या टीव्हीच्या तारा कुरतडल्या.

ॲडलेडहून टॅमझिन आली. विद्यापीठात झाडांच्या वंशावळी काढते. पोरीच्या नाकात चमकी, पायात पुरुषी बूट, पण काम नीट करते. प्रत्येक झुडपाचं एकेक पान खुडून पाकिटात घातलं. मग त्याच कडेवरच्या कांगारू गवताची पाती खुडायला लागली.

"गवत कशाला?" मी विचारलं.

"तुलनेला."

"घोड्याची तुलना उंदराशी? अगं, हे गवत इथून आफ्रिकेपर्यंत पसरलंय. आपण मेलो तरी ते आपल्यावर उगवेल."

"म्हणून तर, व्हर्ना. माती तीच, ऊन तेच, रस्ता तोच. एकाला सगळं जग पुरत नाही आणि दुसऱ्याला हात-दोन हात जागा राखता येत नाही. असं का, ते दोघांची पानं शेजारी ठेवल्याशिवाय कसं कळणार?"

मग तिने विचारलं, या झुडपाचं बी मी कधी पाहिलंय का. म्हटलं, शेंगा येतात दरवर्षी, पण पोचट. आधी कीड खाते, उरलं की पोपट. पोपटांनी ठेवलं तर बघेन ना!

"नक्की पोपटच?"

"चाळीस वर्षं इथे राहतेय मी."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. जुलैत निकाल येईल, तोवर काही करू नका, असं जाताना बजावून गेली. जुलै म्हणजे इथे भर हिवाळा! आमचा पाऊस एप्रिलअखेर सुरू होतो, हे हिला माहीत नाही.

१० एप्रिल

पाऊस नाही.

मला काय करायचं ते ठरलं. वॉटलचं बी जमिनीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि आगीने जागं होतं. गावातल्या निम्म्या अंगणांतल्या वॉटल माझ्या किटलीने जाग्या केल्यात. बियांवर उकळतं पाणी ओतायचं, रात्रभर ठेवायचं, फुगल्या की पेरायच्या. वारंडीत मला 'वॉटलबाई' उगाच नाही म्हणत. पोपट काही सगळं खात नसतील. मर्वच्या झुडपांखाली मणभर बी पडलेलं असणार. कड जाळायची, आणि पंचवीस एप्रिलला, ॲन्झॅक डेच्या सुमारास, पहिला पाऊस येतो तो अंगावर घ्यायचा. सप्टेंबरात ट्रेझाइसच्या बुटांना रोपं टोचतील.

नोएल आमच्या अग्निदलाचा कप्तान. त्याला सांगितलं. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. त्याची ही सवय त्याच्या बायकोला, जॉयसला, आवडायची नाही, बिचारी असती तर हात बाजूला केला असता.

२३ एप्रिल

पाऊस नाही. पण येणार.

जाळलं.

वारा उत्तरेचा होता, आतल्या वाळवंटाकडून येणारा. नोएल सकाळी बंब घेऊन आला आणि तोंड वर करून वास घेत उभा राहिला.

"आज नको, व्हर्ना. वारा तापलाय."

"परवा ॲन्झॅक डे. आज नाही तर कधी?"

"मग अर्धंच जाळू. अर्धं पुढच्या वर्षाला ठेवू."

"पुढच्या वर्षी इथे डांबर असेल. घाबरतोस कशाला? झाड माझं."

"झाड मर्वचं," तो म्हणाला आणि त्याने तेल ठिबकणारी पेटवणी पेटवली.

गवत कमरेएवढं वाळलेलं. आग वाटलं त्यापेक्षा जोरात गेली. झुडपं फटाफट वाजली. जाडं खोड होतं, मर्व ज्याच्यावर टोपी टांगून डबा खायचा, ते सगळ्यात शेवटी पडलं. असंच व्हायला हवं होतं. आग कडक हवीच.

२४ एप्रिल

संध्याकाळी नोएल स्वतः भाजलेले छोटे पाव, स्कोन, घेऊन आला. दगड बरे. जॉयसच्या ताटलीत आणले होते, खाली चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात अजून 'जॉयस के.' लिहिलेलं. हॉलच्या चहापार्टीत बायकांच्या ताटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आम्ही सगळ्याच लिहितो. तीन वर्षं झाली तिला जाऊन, पट्टी निघाली नाही.

"पाऊस येईल ना गं?" त्याने विचारलं.

"येणार म्हटलं ना."

११ मे

पाऊस नाही. ॲन्झॅक डेला ढगसुद्धा नव्हता. सगळे कोरड्यातच पेरतायत.

कडेवर काळी राख. गुडघे टेकून बघते, एक अंकुर नाही.

दुकानात बेरिल म्हणाली, "चला, नोएलचं शेत वाचलं म्हणायचं." सहज म्हणाली. मी ब्रेड न घेताच घरी आले.

१९ मे

पाऊस नाही.

बेरिलचं बोलणं डोक्यातून जात नाही. झुडपं मेली तर फायदा कुणाचा? नोएलचा. पेटवलं कुणी? नोएलने. वारा तापलाय हे त्याला कळत होतं. कप्तान तो. कप्तानाने नाही म्हटलं असतं तर मी काय त्याच्या हातातून पेटवणी हिसकावून घेणार होते?

आणि वळणावर कुणीतरी गाडी घालतंय. राखेत चाकांचे ठसे होते, जड गाडीचे. बघायला येत असेल, पूर्ण मेलं की नाही ते.

३ जून

दीड मिलिमीटर. धूळ बसली नाही.

अग्निदलाच्या वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. लिहिलं की वारा चुकीचा असताना कप्तानाने आग लावली आणि रस्ता दुसऱ्या बाजूने गेला तर त्याची जमीन जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दिवस कुणी ठरवला हे त्यांनी विचारलेलं नाही.

पेटीत टाकून परतताना स्वतःचंच फाटक ओलांडून पुढे गेले. साखर कमी झाली असेल.

१७ जून

पाऊस नाही.

नोएलने कप्तानपद सोडलं. चौकशीला माणूस आला, त्याला म्हणे हा एवढंच म्हणाला, "पेटवलं मी." हॉलमध्ये बंबाची किल्ली टेबलावर ठेवली आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला. वीस-बावीस वर्षं कप्तान होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मनात काही नसतं तर भांडला असता की! मर्व असता तर भांडला असता.

जॉयसची ताटली माझ्या फडताळात आहे. आता ती परत कशी द्यायची?

२८ जून

पाऊस नाही. तलाव तळाला गेलेत.

नोएलने मेंढ्या विकल्या, पैदाशीच्या चांगल्या माद्याही. पाणी पुरत नाही म्हणे. गावच्या मोठ्या नळावरून दिवसाआड टाकी भरून नेतो, एवढं पाणी जातं कुठे? बेरिल म्हणते पूर्वी त्याला याच्या निम्मं पुरायचं. जॉयस गेल्यापासून त्याला संसार जमत नाही, दुसरं काय.

वळणावर गेले होते. पुन्हा ठसे. नवल म्हणजे गवत हिरवं झालंय. सगळा मुलूख करपलेला आणि जळालेल्या कडेवर या कांगारू गवताच्या बुंध्यांतून कोवळी पाती. बोट खुपसलं तर माती गार लागली. समुद्रावरचं धुकं पडत असणार. मापात तर काही नाही.

त्या गवताला बघून इतका संताप आला! ज्याच्यासाठी जाळलं ते येत नाही आणि हे निर्लज्ज मेलं न बोलावता पंगतीला बसलंय. दोन मुठी उपटून टाकल्या.

९ जुलै

पाऊस बघितला नाही.

टॅमझिनचा फोन आला. निकाल आला.

"व्हर्ना, बसलायत ना?" म्हणाली.

गवताचे शेजारशेजारचे दोन बुंधेही एकसारखे नाहीत. दिसायला जुळे, आतून प्रत्येक वेगळा, प्रत्येकाचे आईबाप वेगळे. म्हणून त्याला आग, दुष्काळ, मेंढ्या काहीही येऊ दे, कुणी ना कुणी तरतंच.

"आणि आपलं?"

"आपलं एकच आहे."

मला वाटलं एकच जात म्हणतेय. म्हटलं ते मला ठाऊक आहे.

"जात नाही, व्हर्ना. झाड. त्या कडेवर झुडपं नव्हतीच. एकच झाड होतं. जमिनीखालून मुळं सरकत गेली आणि जागोजागी वर आली. त्याला स्वतःच्या परागाचं बी धरत नाही आणि दुसरं कुणी जवळपास नाही. शेंगा पोचट होत्या त्या म्हणून. कीड नाही, पोपट नाही."

म्हणजे जमिनीत बी नव्हतंच. कधीच नव्हतं. मी काय जागं करायला निघाले होते?

तिला सांगितलं, जाळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मूळ जिवंत असलं तर फुटेल. पण ओल हवी. खूप खोल ओल. हिवाळाभर कोरडं राहिलं असेल तर..."

हिवाळाभर कोरडंच आहे.

तिने थांब म्हटलं होतं. नोएलने अर्धं जाळू म्हटलं होतं. वाऱ्याचं तर कुत्र्यालाही कळलं असतं. मर्व, तुझं झाड मी जाळलं. एकटं होतं बिचारं, दरवर्षी फुलत होतं आणि कुणाची वाट बघत होतं कोण जाणे, आणि मी त्याला पेटवून पोपटांना दोष देत बसले. मला जगात तोंड दाखवायला जागा नाही.

१० जुलै

झोप लागली नाही. उजाडायच्या आत गाडीत पाण्याचे कॅन भरले. माझ्या टाकीत माझ्यापुरतंच उरलंय, पण मला एकटीला लागतं किती?

वळणाच्या अलीकडे गाडी थांबवली, कारण पुढे नोएलची गाडी होती. तिच्यावर मेंढ्यांच्या पाण्याची टाकी. पाइपाला झारीचं तोंड बांधलेलं, माती वाहून जाऊ नये म्हणून. तो राखेत उकिडवा बसून पाणी घालत होता. एका जागी घालायचा, हाताने चाचपायचा, पुढे सरकायचा. ज्या ठिकाणी जाडं खोड होतं तिथे जास्त वेळ बसला.

मला त्याने पाहिलं नाही. मी दिवे न लावता गाडी मागे घेतली आणि घरी आले. कॅन अजून गाडीतच आहेत.

मेंढ्यांचं पाणी कुठे जात होतं ते कळलं. धुकं कुठून येत होतं तेही कळलं.

२ ऑगस्ट

चार मिलिमीटर.

रोज ठरवते, आज त्याच्याकडे जायचं. रोज फाटकापर्यंत जाते आणि टपाल घेऊन परत येते. तोंडाने मी गाव उठवू शकते आणि एवढं मला बोलता येत नाही. शनिवारी मुलींच्या नेटबॉलच्या सामन्याला तो खेळाडूंसाठी संत्री कापत होता, दरवर्षीसारखा. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. माझ्या एका पत्राने.

आता पाणी मीही घालते. तो जातो त्या दिवशी नाही, मधल्या दिवशी. माती पाहून त्याला कळलं असेल. कळलं तरी काही म्हणाला नाही.

२९ ऑगस्ट

पाऊस नाही.

काल हॉलमध्ये अग्निदलाची सभा होती, नवा कप्तान निवडायची. मी दलात नाही, पण गेले. चहाच्या आधी उभी राहिले. म्हटलं, दिवस मी ठरवला होता. नोएल नको म्हणाला होता, अर्धं जाळू म्हणाला होता. मी ऐकलं नाही. आणि पत्रात मी हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मीच झाड जाळलं असं झालं असतं. आणि मीच जाळलं.

बेरिलचं तोंड उघडंच.

शेवटच्या रांगेतून नोएल म्हणाला, "व्हर्ना, बस आता. चहा थंड होतोय."

बस्स, तेवढंच. लोक उठले. माझ्या ताटलीतल्या लॅमिंग्टन केकांना कुणी हात लावला नाही. तो आला आणि त्याने दोन उचलले.

पाण्याचं मी तिथे सांगितलं नाही. ते त्याचं होतं, मी कसं सांगणार?

१६ सप्टेंबर

तीन मिलिमीटर.

ट्रेझाइस आला. हातात काठी, चेहरा नेहमीचा. टॅमझिनही आली होती. मी त्यांच्या मागे मागे, बघायची हिंमत नाही.

टॅमझिन खाली बसली आणि तिने गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. त्याच निर्लज्ज गवताच्या सावलीत, जाडं खोड होतं तिथे, करंगळीएवढा लालसर फुटवा. मग पुढे आणखी एक. मग आणखी. मुळातून आलेले.

"हे बियांतून आलेलं नाही ना?" ट्रेझाइसने विचारलं.

"नाही. तेच झाड आहे, जुनंच," टॅमझिन म्हणाली. "अजूनही एकटंच."

"मला नवी वाढ हवी होती. ही नवी वाढ आहे," ट्रेझाइस म्हणाला आणि त्याने गाडीतून रस्ता आखायच्या खुंट्या काढल्या. नोएलच्या कुंपणापलीकडे, गव्हात ठोकल्या. नोएल कुंपणाला टेकून बघत होता. एक खुंटी वाकडी गेली तर त्याने स्वतः सरळ करून दिली.

जाताना टॅमझिनने सांगितलं, फुटवे जगतील, पण बी कधीच धरणार नाहीत. हे गेलं की संपलं. मी मान हलवली.

१८ सप्टेंबर

पाऊस नाही.

भोपळ्याचे स्कोन केले आणि जॉयसच्या ताटलीत घालून नोएलकडे गेले. तो पडवीत बूट घासत होता. ताटली वर उचलून खाली पट्टी आहे का ते आधी बघितलं, मग स्कोन खाल्ला.

मी विचारलं, "मे महिन्यापासून पाणी घालतोस. मुळाचं तर तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

"बी उगवेल म्हणालीस. पाऊस येत नव्हता."

"तुझं शेत गेलं, नोएल. मेंढ्या गेल्या."

"मर्व दरवेळी वळसा घालायचा. दहा मिनिटं जास्त लागायची त्याला, वरून साहेबाच्या शिव्या." त्याने दुसरा स्कोन घेतला. "बरे झालेत. मीठ कमी आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी गावभर तुझं नाव खराब करत होते आणि तू गप्प!"

तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, विष घालतोय. मग मला तिथे जाऊ दिलं नसतंस, आणि ते मेलं असतं."

मी तसंच म्हणाले असते. अगदी याच शब्दांत म्हणाले असते, आणि पोलिसांनाही बोलावलं असतं.

उद्या पाणी घालायची पाळी माझी. मेंढ्यांच्या पाण्याची त्याची टाकी संध्याकाळी तो माझ्याकडे ठेवून गेलाय.